मामाला पाय असतात का?

सौ. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (नुसता लिहायचा म्हणून नाही. इथे दिवसभर वाकूनच काम असतं, त्यातला एक वाक तुझ्या नावचा धर.) तू बरी असशील, भाऊजींचा गुडघा बरा असेल, आईची कुरकुर चालू असेल. ती चालू असली की तब्येत चांगली समजायची, बंद पडली तर मला लगेच कळव. मी इथे ठणठणीत आहे. वजन वाढलेलं नाही, अक्कल वाढलेली नाही, म्हणजे सगळं जिथल्या तिथे आहे.

पत्र बघून घाबरू नकोस. हातात फोन असताना हा गाढव कागदावर का उतरला, असं तुला वाटेल. चौथीत मास्तरांनी मला सोडलं आणि मी मास्तरांना, तेव्हापासून सही सोडून मी काही लिहिलेलं नाही, म्हणून अक्षराकडे बघू नको, मजकुराकडे बघ. जे सांगायचंय ते फोनवर सांगता येत नाही. फोन केला की तुझ्या शेजारी भिंगरी, आणि तुझ्या त्या लेकीचे कान म्हणजे कान नाहीत, सुपं आहेत. तेव्हा हे पत्र तू एकटीनं वाच, वाचून झालं की डब्यात घाल, आणि डबा वरच्या फळीवर ठेव. (वरच्या फळीला तिचा हात पोचत नाही ना अजून? मला इथून अंदाज येत नाही.)

तर विषय ठकीचा. भिंगरीच्या बाईंनी वर्गाला सांगितलं की प्रत्येकानं एक कागदाची बाहुली करायची, पाकिटात घालून लांबच्या नातेवाइकाकडे पाठवायची, त्यानं तिला आपलं गाव दाखवायचं, काय काय दाखवलं ते लिहायचं आणि बाहुली परत धाडायची. मग ती वर्गातल्या नकाशावर त्या त्या ठिकाणी टाचणार. हे तूच सांगितलंस. हेही सांगितलंस की बाकीच्या पोरांच्या बाहुल्या आत्याकडे नाहीतर काकाकडे एवढ्याच गेल्या, एक तर मागच्या गल्लीत मावशीकडे जाऊन जेवणाच्या वेळेला परत आली. आपली ठकी मात्र समुद्र ओलांडून गेली, म्हणून भिंगरी वर्गात मान ताठ करून फिरते, आणि नकाशाचा एक अख्खा कोपरा बाईंनी तिच्यासाठी राखून ठेवलाय. ठकी वेळेत पोचली नाही तर कोपरा मोकळा. ज्या माणसाला स्वतःची छत्री सांभाळता आली नाही त्याच्यावर तुम्ही ही जोखीम टाकलीत, तेव्हा पुढे जे झालं त्यात थोडा दोष तुमचाही आहे.

ठकी सुखरूप आली. कशी दिसत होती ते आत्ता विचारू नकोस, ते पुढे येतंय. तिच्याबरोबर भिंगरीच्या अक्षरात प्रश्नांचा कागद होता. तिथली कुत्री आपल्यासारखीच भुंकतात का. सकाळ आधी तुझ्याकडे होते का आमच्याकडे, आणि तुझ्याकडे आधी झाली तर आम्हाला उरते का. तुझ्या घरात कोण कोण राहतं. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: मामाला पाय असतात का?

ताई, मी इतका हसलो की खोलीतले सगळे गोळा झाले. तेही हसले. आमच्यातला ड्रायव्हर म्हणाला, ‘पोरगी बरोबर बोलते. तू फोन नाकाला लावून धरतोस, तिला वाटत असेल मामा म्हणजे फळीवर ठेवलेलं मडकं.’ खरंच आहे म्हणा. तिनं मला पाहिलं ते गळ्यापर्यंत, आणि तेही अधूनमधून अडकून पडलेलं. हसून झाल्यावर मी कागदाची घडी केली आणि लगेच उत्तर लिहायला बसणार होतो, पण का कोण जाणे, बसलो नाही.

आता पलंगाचं सांगतो, कारण पहिला घोटाळा तिथे झाला. आमच्या खोलीत माणसं जास्त आणि पलंग कमी, म्हणून एका पलंगाला दोन माणसं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण पाळ्या लावल्या तर राहतात. माझ्या पलंगावर दिवसा जो झोपतो त्याला मी ‘रात्रपाळी’ म्हणतो. तो आत येतो तेव्हा मी बाहेर पडत असतो, त्यामुळे आमची ओळख म्हणशील तर उशीला पडलेल्या खळग्यापुरती. मी काय केलं, ठकीला उशीवर निजवलं आणि कामाला गेलो. रात्रपाळी दमून आला आणि बघतो तर उशीवर काळ्या दोऱ्याच्या केसांची, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांची कागदाची बाई त्याच्याकडे टक लावून बघतेय. त्याला वाटलं, कुणीतरी करणी केली. बिचारा दोन दिवस स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून बसल्या बसल्या झोपला. शेवटी त्यानं मला दारात गाठलं. ‘भाऊ, तुझं माझं काय वाकडं आहे? पलंग पाहिजे तर घे, पण असले उद्योग नकोत.’ मी भिंगरीची सगळी हकिगत सांगितली. त्यानं ठकीला हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि मला म्हणतो, ‘मग एक दिवस माझ्याबरोबर दे. पोरीला रात्रीचं गावही कळू दे.’ चांगला माणूस आहे. पण मी म्हटलं, दुसऱ्याच्या हातात दिली आणि हरवली तर? त्यापेक्षा आपल्या खिशात बरी. (हे वाक्य लक्षात ठेव.)

सुट्टीच्या दिवशी मी तिला गाव दाखवायला निघालो. अंगात कामाचाच शर्ट घातला, कारण सगळ्यात कडक इस्त्रीचा तोच. रस्त्यावर आलो आणि माझ्या ध्यानात आलं की इथलं काय दाखवायचं ते मलाच ठाऊक नाही. रोज गाडी खोलीच्या दारातून उचलते आणि हॉटेलच्या मागच्या दारात सोडते, तिथून जिना उतरलं की तळघर, तिथे आमचं धुलाईघर. समोरच्या दारानं हॉटेल कसं दिसतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून आधी तेच बघायला गेलो. पाहुणी बरोबर होती म्हणून माझंही झालं. समोर एक कारंजं आहे, मोठं! त्याच्यापुढे ठकीला एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं फोटो काढत होतो, तेवढ्यात रखवालदार आला. ‘काय चाललंय?’ म्हटलं, ‘हिला कारंजं दाखवतोय.’ त्यानं माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि फार हळू आवाजात विचारलं, ‘घरी कुणी मोठं माणूस आहे का तुझ्या?’ त्या गडबडीत फोटो निघाला तो असा: अर्धं कारंजं, रखवालदाराचं पोट, माझा अंगठा, आणि अंगठ्याखालून ठकीचे नुसते पाय. म्हणजे माझं नुसतं तोंड दिसतं आणि तिचे नुसते पाय. दोघांचं मिळून एक माणूस व्हायला हरकत नाही.

आता मन घट्ट कर. माझं काम काय ते तुला नीट कधी सांगितलं नाही. हॉटेलातल्या माणसांचे कपडे धुवायला येतात, ते मशीनमध्ये जाण्याआधी त्यांचे खिसे मी तपासतो. एवढंच. किल्ल्या, कंगवे, चघळलेलं च्युइंगम, एकदा तर दातांची कवळी निघाली. (कवळीचा मालक दोन दिवस हसला नाही, त्यावरून सापडला.) पण खरा शत्रू कागद. लोखंड मशीनमध्ये गेलं तर खडखडाट करून निदान कळवतं तरी. कागद गुपचूप विरघळतो आणि सगळ्यांच्या अंगाला लागतो. म्हणून मी नवीन पोरांना शिकवतो, खिशात हात घालायचा तो तळापर्यंत. सगळ्या हॉटेलात ज्याच्या खिशात मी हात घातला नाही असा एकच माणूस होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. सुट्टीनंतर मी शर्ट काढला, ढिगात टाकला, आणि ढीग वाढप्यांच्या काळ्या कोटांबरोबर आत गेला.

मशीन उघडलं तेव्हा ते कोट काळे राहिले नव्हते. सगळ्यांवर पांढरा कोंडा, जणू अख्ख्या हॉटेलाला एकदम म्हातारपण आलं. मी त्या कोंड्याकडे बघत उभा राहिलो आणि मला कळलं की ही ठकी. आमच्या मुकादमीणबाई धावत आल्या. (आम्ही मागे त्यांना ‘खळ’ म्हणतो. घडी पडत नाही, सुरकुती पडत नाही, वाकत तर नाहीतच.) ‘खिसे कुणी तपासले?’ म्हटलं, ‘मी.’ ‘मग हे काय?’ म्हटलं, ‘माझी भाची.’ ताई, मला बाहुली म्हणायचं होतं, तोंडातून ते निघालं. आणि लगेच कोटांवरचा कोंडा चिमटीनं गोळा करायला लागलो, तेव्हा खळबाईंना वाटलं मला साबणाची वाफ लागली. त्यांनी मला उलट्या बादलीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘गाढवा, एवढ्याशा पोरीची बाहुली कुणी उकळत्या पाण्यात घालतं?’ मग मागे वळून सगळ्यांवर ओरडल्या, ‘बघता काय? ब्रश घ्या, कोट झाडा. आणि जेवणाच्या सुट्टीत कुणी जागचं हलायचं नाही.’

जेवणाच्या सुट्टीत नवी ठकी झाली. शर्टाच्या घडीत घालतात तो पुठ्ठा खळबाईंनी दिला, इस्त्रीवाल्यानं कापला, रफूवालीनं दोरा दिला. सगळं झालं आणि मग त्यांनी मला विचारलं, दिसायला कशी होती? इतके दिवस खिशात घेऊन फिरलो, पण वेण्या दोन होत्या का एक, फ्रॉक निळा का हिरवा, काही आठवेना. पाय फोटोत होते, ते बरोबर उतरवले. वरचं मात्र ज्याला जसं आठवलं तसं, आणि प्रत्येकाला आपापलीच आठवत होती. इस्त्रीवाला म्हणाला, कपाळ मोठं काढ, हुशार पोरींचं कपाळ मोठं असतं, माझ्या थोरलीचं आहे. रफूवालीनं केस कुरळे केले आणि कुणाला हात लावू दिला नाही. खळबाई लांबून बघत होत्या. सगळे उठल्यावर हळूच आल्या आणि पेनानं हनुवटीवर एक तीळ काढून गेल्या. कुणाचा, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

ती ठकी या पाकिटात आहे. भिंगरीला पहिल्या नजरेत कळणार की चेहरा वेगळा आहे. तिला सांग, परमुलखात राहिलं की माणूस थोडं बदलतं. केस बदलतात, तीळ येतो, पण आतून तेच असतं, घरी आलं की ओळख द्यायची. (हे मामालाही लागू आहे, पण ते तिला आत्ता सांगू नको.)

प्रश्नांची उत्तरं वेगळ्या कागदावर लिहिलीत, ती बाईंना दाखवायला हरकत नाही. कुत्रं एकच दिसलं, ते एका बाईला पट्ट्यानं ओढत नेत होतं, भुंकायला त्याला वेळ नव्हता. सकाळ तुमच्याकडे आधी होते, तुम्ही वापरून झालेली आमच्याकडे येते, पण धुतलेली असते. घरात कोण कोण, तर सगळ्यांची माहिती दिलीय, रात्रपाळीची सुद्धा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नाही.

आईला नमस्कार, भाऊजींच्या गुडघ्याला सबुरी, भिंगरीच्या दोन्ही गालांना एकेक चिमटा, हलकाच.

तुझा, गळ्याखालीही शाबूत असलेला,
धाकटा

ता. क. पाकीट उघडताना जपून. ठकीच्या मागे अजून एक कागदी माणूस आहे, तो मी. उरलेल्या पुठ्ठ्याचा केला. पाय मुद्दाम लांब काढलेत, म्हणजे शंका नको. वहाणाही काढल्यात. त्याला नकाशावर टाचू नका, त्याला घरीच राहू दे. जेवताना कुठेतरी कडेला ठेवलात तरी चालेल, तो काही मागत नाही. त्याचा खिसा मी तपासलाय.

ता. क. दुसरं. पत्र वरच्या फळीवर ठेव म्हटलं ते राहू दे. तिचा हात पोचत असेल तर पोचू दे, पोचला तर मला कळव.

ता. क. तिसरं, आणि एवढ्यासाठीच बसलो होतो लिहायला. ताई, तिनं विचारलं मामाला पाय असतात का, तेव्हा मी हसलो खरा. पण मी निघालो तेव्हा ती रांगत होती. त्यानंतर मीही तिला गळ्यापर्यंतच पाहिलंय. तर पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा तो हातात धरू नको, लांब कशाला तरी टेकवून ठेव, आणि तिला दारापासून तुझ्यापर्यंत चालत यायला सांग. मीही चालून दाखवीन. खोलीत जागा नाही, जिन्यात जाईन. फक्त तिला सावकाश चालायला सांग. धावली तर लगेच फोनपाशी पोचेल, आणि मग परत नुसतं तोंडच दिसेल.