खोकून दाखवा

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला जाऊन महिना झाला. तू आली नाहीस. आजारपणात दोनदा बोलावलं, तेव्हाही शिवणवर्गाचं निमित्त सांगितलंस. आठ तासांचा बसप्रवास एवढा जड का व्हावा? शेजारच्या काकू म्हणाल्या, थोरलीचं काळीज दगडाचं आहे. मी त्यांच्याशी भांडले, पण घरी आल्यावर मलाही तसंच वाटलं. रागात लिहिलंय, खोडत नाही.

तुझी धाकटी

१९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहिते. दुसऱ्या बाळंतपणापासून खोकलं, शिंकलं, हसलं की मला लघवी होते. आधी थेंब थेंब, आता कपडे भिजेपर्यंत. वर्गात मी खुर्चीवरून उठत नाही. मुलींना वाटतं, बाई फार शिस्तीच्या. तुझा दुसरा निरोप आला तेव्हा मी बसस्थानकावर गेले होते. जड पिशवी घेऊन बसची पायरी चढले आणि सगळ्यांदेखत भिजले. तशीच घरी परतले आणि तुला शिवणवर्गाचं कळवलं.

आता ऑपरेशन करून घेतेय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात लाजण्यासारखं काही नाही. मी पंधरा वर्षं लाजले. कुणाला सांगू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आईचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात जुन्या चादरींच्या हातभर घड्या आहेत, कडा टीप घालून शिवलेल्या. मी त्यांना चिंध्या समजत होते. उजाडायच्या आत ती काही तरी धुवायची, मला हात लावू द्यायची नाही. नातवंडं झाली तरी ती तुझ्या घरी राहायला आली नाही, म्हणून तू रुसायचीस ना? ताई, तिलाही हेच होतं गं.

मी तुला नको ते लिहिलं. पोटात घाल.
तुझी धाकटी

२१ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सहा महिन्यांची तपासणी झाली. भरपूर पाणी पाजून मला उभं केलं आणि खोकून दाखवा म्हणाले. दहा वेळा खोकले, उड्या मारल्या, जिने चढले. मग आतलं पॅड काढून चहाच्या पत्तीसारखं तोललं. वजन गुंजभरही वाढलं नव्हतं. फाइलवर लिहिलं, शस्त्रक्रिया यशस्वी. पुढे प्रश्नांचा कागद होता: हसताना गळतं का, बाहेर जायला संकोच वाटतो का, समाधान किती. सगळीकडे चांगलंच लिहिलं, खोटं काही नव्हतं. पण लिहिता लिहिता रडू आवरेना. डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं. मी आईचं सांगितलं. त्या वयातही काही तरी करता आलं असतं, असं त्या हळूच म्हणाल्या. मी विचारलं, हे यश उशिरा आलं, ते कुठल्या रकान्यात लिहू?

पुढच्या महिन्यात येतेय. आता तू चव्वेचाळीसची आहेस, म्हणून विचारते. तुला काही होतं का? आपल्या घरात गप्प बसायची रीत फार जुनी आहे.

तुझी ताई

२६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो. तीन वर्षं झाली.

लवकर ये.
तुझी धाकटी