चिंचेकडचा खांब

२ मे २०१८, बुधवार

पोरी गेल्या एकदाच्या.

सकाळी सातची बस साडेआठला हलली. चोवीस पोरी, यज्ञेश्वर सर, एक मॅडम आणि निरोप द्यायला शंभर माणसं. शेंगदाण्याची चटणी इतकी नेलीय की तिकडे दुकान काढता येईल. चोवीसातल्या बारा खेळणार, बारा नुसत्या बघणार. कागदावर छापलंय — आल्प्स दर्शन व आंतरराष्ट्रीय शालेय खो-खो. सहा दिवस डोंगर, तीन दिवस खेळ. मी सरांना म्हटलं, उलटं पाहिजे होतं. सर म्हणाले, डोंगर दाखवल्याशिवाय पालक सोडत नाहीत, मुक्ताबाई.

मला कोणी चल म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी गेले नसते. पासपोर्ट नाही.

शालूचे वडील हिंदुराव. कात्रजला म्हशी आहेत. सगळ्यांच्या देखत पोरीला म्हणाले, "एवढं एकदा. काही करून दाखवलंस तर पुढचं बघू. नाहीतर बारावी करायची आणि खेळ बंद." पोरगी बुटांकडे बघत उभी. मी म्हटलं, हिंदुराव, बस सुटतेय, भाषण नंतर करा. माझ्याकडे बघत राहिले. बघू देत.

शालू जाईल आणि करून दाखवेल. पळणारी खांबाला वळसा घालायला गेली की ही शेवटच्या चौकोनातून अशी झेपावते की समोरचीला कळतच नाही काय झालं. आमच्या मैदानात चिंचेकडच्या खांबावर तर तिच्यासारखी शाळेत झाली नाही.

३ मे

मैदान आखलं. सुट्टीच्या शिबिराला बारकी पोरं येतात, त्यांनाही रेघ सरळच पाहिजे.

मच्छिंद्र म्हणून नवा शिपाई आलाय. प्रश्न फार. टेप का नाही घेत, म्हणाला. टेपने कोण वाकत बसणार! दोरीचा फास नळाकडच्या खांबाला अडकवायचा, चिंचेकडे ताणायची. आठ गाठी, आठ चौकोन. त्यावर चुन्याची फक्की टाकायची. झालं. गाठी सरांनी मारून दिल्यात, एकोणीस वर्षं झाली. मापं त्यांच्या डोक्यात आणि दोरीत. माझ्या डोक्यात नाहीत, लागतही नाहीत. शेवटच्या गाठीपुढे खांबच येतो. तिथे काय मोजायचं?

"दोरी पांढरीशुभ्र आहे हो मावशी," म्हणाला. असणारच. गेल्या वैशाखात आप्पासाहेबांच्या मुलीचं लग्न मैदानावर झालं. ते संस्थेचे अध्यक्ष, त्यांना कोण नाही म्हणणार. मांडववाल्यांनी चिंचेकडचा खांब उपटला, जाताना परत रोवला, सिमेंटची ढेकळं मला झाडायला ठेवली. वर माझ्या दोरीने रश्शाची पातेली बांधली! सोडा घालून उकळली तेव्हा कुठे तेल सुटलं. सर म्हणाले होते, उकळू नका, आटेल. सरांच्या घरी कपडे कोण धुतं ते मला माहीत आहे.

५ मे

पोरींनी व्हिडिओ फोन केला. बर्फ दाखवला. फ्रीजमध्ये असतो तोच, फक्त पुष्कळ.

तारेवरून डब्यात बसून वर गेल्या. मॅडमनी पूर्ण वेळ डोळे मिटले होते. नसीमने बर्फाचा गोळा खाल्ला. सरबत नाही, काही नाही. नुसताच. सगळीकडे स्वच्छ आहे म्हणे, कागदाचा कपटा नाही. मी विचारलं, झाडतं कोण? कोणाला माहीत नाही. सव्वीस माणसं गेलीत, एकाने चौकशी केली नाही.

६ मे

आज गाई दाखवल्या. गळ्यात घंटा. डोंगर मागे होता, तो नीट दिसला नाही. शालूच्या बोटाआड होता.

७ मे

आप्पासाहेब आले होते. त्यांच्या भाच्याने रेघा मारायचं यंत्र आणलंय, ढकलत न्यायचं. म्हणाले, मुक्ताबाई, आता तुम्ही आराम करा, ऑफिस झाडा.

आराम करा आणि झाडा!

मी म्हटलं, माझी एक रेघ चुकलेली दाखवा, मैदानाच्या सामानाच्या खोलीची किल्ली तुमच्या टेबलावर ठेवते. हसले. "शब्द हं," म्हणाले. मी म्हटलं, शब्द.

घरी सांगितलं तर हे म्हणाले, कशाला बोलायचं. हे स्वारगेट डेपोत तीस वर्षं होते, बस चालवली. बोलायला नको म्हणून मागचं बघायचं तेही आरशातच.

९ मे

डोंगर संपले. पहिला सामना तिथल्याच मुलींशी. बाद केल्यावर सॉरी म्हणतात म्हणे. जिंकलो.

पण शालूला खांबावर एक मिळाली नाही. तीनदा झेपावली, तीनदा खांबावर आदळली. नळाकडे बसते ती नसीम, तिचं काही बिघडलं नाही. सर म्हणाले, तिकडे माती नाही, मॅट आहे. बूट घालावे लागतात. होईल सवय.

१० मे

इंग्लंडच्या मुलींना हरवलं. शालूची हनुवटी फुटली. खांबावरच. चार टाके. सरांनी बाहेर बसवलं. उद्या अंतिम सामना, नेपाळशी, त्यातही ती नाही.

पालकांचा ग्रूप आहे फोनवर, तिथे सगळे शहाणे जमलेत. एक म्हणतो बूट. एक म्हणतो बर्फात फिरून पाय आखडले. एक बाई म्हणते, काही मुली मोठ्या ठिकाणी घाबरतात. हिंदुरावांनी लिहिलं, परत आली की खेळ बंद, विषय संपला.

दुपारी चारला शालूचा फोन आला. रडत नव्हती. टाक्यांमुळे तोंड उघडत नव्हतं, म्हणून दातांतल्या दातांत बोलत होती. मी म्हटलं, काय गं, घाबरलीस? म्हणाली, नाही मावशी. मग म्हणाली,

"मावशी, इथे दोन्ही खांब नळाकडचेच आहेत."

मी म्हटलं, म्हणजे? म्हणाली, काय माहीत. तसंच वाटतं. खांब लवकर येतो.

फोन ठेवला. मैदानात गेले. नळाकडच्या खांबापासून पहिला चौकोन, हाताने मोजला. बारा विती. चिंचेकडे गेले. शेवटच्या चौकोनापासून खांब. तेरा.

परत मोजलं. तेरा. मच्छिंद्रला मोजायला लावलं, त्याचा हात मोठा, तरी त्याच्याही हाताने एक जास्तच.

दोरी आटली. गाठी नळाकडे ओढल्या गेल्या, सगळी तूट शेवटी जमा झाली. ती पोर वर्षभर वीतभर जास्त झेपावायला शिकली. मी शिकवलं. सोडा घालून.

मच्छिंद्र म्हणाला, मावशी, काही चुकलं का? मी म्हटलं, जा, नळ बंद कर, गळतोय.

नळ गळत नव्हता.

१० मे, संध्याकाळी

ह्यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, कोणाला कळलंय? कोणाला नाही. मग बोलू नकोस. सगळे बुटावर ढकलताहेत, ढकलू देत. आप्पासाहेब टपलेत. एकोणीस वर्षांचं नाव जाईल.

बरोबर बोलतात.

मी आयुष्यभर लोकांना चुका दाखवत आले. दूधवाला, वाणी, जाऊ, हेडमास्तर. समोरचा मान्य करत नाही याचा राग यायचा. आता कळलं का करत नाहीत. तोंडाची चव जाते. भाकरी अर्धी टाकली.

११ मे

सकाळी अकराला सरांना फोन लावला. तिकडे साडेसात. ते चहा पीत होते.

मी म्हटलं, सर, पोरीची चूक नाही. माझी दोरी आटली. मैदान चुकलंय. तिला वीतभर जास्तीची सवय लागलीय.

चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"किती म्हणालात, मुक्ताबाई?"

"एक वीत."

"तुमची वीत?"

"मग कोणाची?"

सरांनी फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिल्या नाहीत.

मग हिंदुरावांना लावला. सांगितलं, पोरीला काही बोलू नका, बोलायचं तर मला बोला. पाठीमागे म्हैस ओरडत होती.

११ मे, रात्री

हरल्या. दोन गुणांनी.

पण शालू खेळली! हनुवटीला पट्टी लावून. सरांनी तिला सामन्याआधी बाजूला घेऊन वीसेक वेळा झेप मारायला लावली, वीतभर कमी, वीतभर कमी करत. खांबावर तिघी बाद केल्या. तिसरी तर नेपाळची कप्तान. नसीमने फोनवर तीनदा सांगितलं, मी तीनदा ऐकलं.

हे म्हणाले, झोप आता. मी म्हटलं, तुम्हीच झोपा.

१२ मे

आप्पासाहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवली. सगळं सांगितलं. म्हणाले, चूक कबूल करायला मोठं मन लागतं, मुक्ताबाई, आजकाल कुठे असं बघायला मिळतं. आणि बोलता बोलता किल्ली खिशात.

सोमवारपासून ऑफिस.

ग्रूपवर पण समजलं. परवा पोरी घाबरतात म्हणणारी बाई आता म्हणते, मला आधीपासून मैदानाचाच संशय होता.

१३ मे

सकाळी दाराशी दोन लिटर दूध. हिंदुरावांच्या माणसाने ठेवलं आणि पैसे न घेता गेला. तापवलं. पाणी नव्हतं.

१४ मे

पोरी आल्या. बर्फाने नाकं सोलवटलीत सगळ्यांची. मला चॉकलेट दिलं, तिकोनी. दाढेला चिकटतं.

शालू पाया पडायला वाकली, मी म्हटलं टाके ओढतील, उभी राहा. तिच्याकडे नीट बघवेना. हनुवटीवर वण राहणार. ती म्हणाली, मावशी, तुम्ही फोन केला नसता तर? मी म्हटलं, तुझी बॅग कोण उचलणार, चल.

हिंदुरावांनी उचलली. पोरीला एवढंच म्हणाले, जूनमध्ये सराव किती वाजता असतो.

१५ मे

ऑफिस झाडलं. खिडकीतून मैदान दिसतं. भाचा यंत्र ढकलत होता. रेघ नागासारखी गेलीय. बोलायचा तोंडाला हक्क राहिला नाही.

मच्छिंद्र खिडकीशी आला, म्हणाला, मावशी, तुमची दोरी टाकून देऊ का? मी म्हटलं, सरांना विचार.

१६ मे

सरांनी बोलावलं. मैदानात दोरी पसरलेली, बाजूने पोलादी टेप. सरांनी प्रत्येक गाठ मोजली. शालू टेपचं दुसरं टोक धरून होती. आठही गाठी जागच्या जागी. दोऱ्याएवढीही चूक नाही! सर म्हणाले, गाठी मारायच्या आधी मीच दोन पाण्यांतून काढली होती, आटायची ती तेव्हाच आटली. विसरलोच.

मग चिंचेकडे गेलो. सरांनी कुदळ मारली. खांबाच्या अलीकडे, मातीखाली, जुना खड्डा. सिमेंटच्या ढेकळांनी बुजवलेला. वरती फुलाच्या हाराचा दोरा अजून होता. तिथून आताच्या खांबापर्यंत मोजलं. एक वीत.

लग्नात उपटला तो परत रोवला वीतभर पुढे.

शालू हसायला लागली, मग हनुवटी धरून खाली बसली. सर म्हणाले, आप्पासाहेबांशी मी बोलतो, हळूहळू. मी म्हटलं, हळूहळू कशाला, मी आत्ता जाते. किल्ली त्यांच्याच खिशात आहे.

जन्मात एकदा चूक कबूल केली. ती पण माझी निघाली नाही.