व्हर्निसची साक्ष

९ मार्च १९६४

व्हर्निसनं भर कोर्टात मला ओळखच दाखवली नाही!

किती दिवस घोकवलं होतं तिला — समोरचा गोरा वकील नुसत्या नावानं हाक मारेल, गप्प बसायचं. ‘मिसेस गॅडिस’ म्हणेल तेव्हाच तोंड उघडायचं. वरच्या, काळ्यांसाठीच्या सज्जात आपली माणसं दाटीवाटीनं बसली होती, तेवढंच ऐकायला. तो म्हणाला, "व्हर्निस, पोरीला गोऱ्यांच्या शाळेत घालायचा दावा तू लावायला सांगितलास?" आणि ही लगेच — "नाही साहेब. या वकीलबाईंना मी कधी नेमलंच नाही."

सज्जातली माणसं एकेक करून उठून गेली.

१० मार्च

दावा फेटाळला. वर माझ्यावरच नोटीस — अशिलाला न विचारता दावा लावला, तर सनद का काढून घेऊ नये! अख्ख्या मिसिसिपीत आमच्यातले, काळे वकील बोटांवर मोजण्याइतके. माझी सनद गेली तर इथल्या माणसांनी जायचं कुणाकडे?

आई म्हणाली, गेली तर गेली, शाळेत शिकवत होतीस तेच बरं होतं. डोकंच फिरलं माझं. जेवले नाही.

११ मार्च

मतदार नोंदणीच्या परीक्षेसाठी चर्चमध्ये घेते त्या वर्गाला चौघंच. एरवी बाकं पुरत नाहीत. चर्चचा कारभार बघणारे डीकन पर्व्हिस तोंडावर म्हणाले, "उद्या आमचंही नाव असंच न विचारता दाव्यात घालाल, बाई." या माणसाकडून मी राज्यघटनेची कलमं पाठ करून घेतली! शी.

१६ मार्च

व्हर्निसच्या घरी गेले. तिसरीपासून माझ्या हाताखाली शिकलेली पोर. दारातच रडायला लागली. कुणी धमकावलं? मालकानं? शेरीफनं? नुसती मान हलवत होती. "शब्द दिलाय, बाई. विचारू नका." गोऱ्यांना दिलेला शब्द कधीपासून पाळायला लागलो आपण? संताप संताप झाला.

२३ मार्च

व्हर्निस आपणहून आली! माझ्या सुनावणीत खरं सांगते म्हणाली. बायबलवर हात ठेवून एकदा खोटं बोलली, पुन्हा नाही बोलवणार तिच्यानं. खोटं बोलायला लावणाऱ्याचं नाव मात्र आत्ता नाही, कोर्टातच. असेना का! साक्षीदार फोडणारा जाईल तुरुंगात, आणि माझी सनद शाबूत. आईला म्हटलं, मक्याचा पाव कर, आज पोटभर जेवते.

आई पीठ न काढताच आत जाऊन पडली. दमली असेल.

२४ मार्च

उद्या सुनावणी. आई समोर येऊन बसली. शेरीफच्या घरी इस्त्री करताना ऐकलं होतं तिनं — दावा पुढे सरकला तर मला नदीच्या रस्त्यावर गाठून मारायचं ठरलं होतं.

"तुला सांगून तू थांबली असतीस का गं? व्हर्निसचे पाय मी धरले. सनद नसलेली लेक चालेल मला."

उद्या व्हर्निसला पहिला प्रश्न मलाच विचारायचाय — तुला खोटं बोलायला कुणी सांगितलं?