प्रणालीनं माझी लय मोजली

२ फेब्रु. सोम.
प्रणालीला कालेजातून काम दिलंय. प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून आपली एक लय असते म्हणे, ती मोजायची. "आजी, तुला बरं वाटेल तसं फोनवर बोट आपट." घंटाभर नात माझ्याजवळ बसली, मी खूश! नायतर जेवताना पण कानात वायरी. पण तेवढ्यात सून आतून बोलली, "लग्नाआधी घे गो मोजून." माझ्या बोटाचा नि रोहनच्या लग्नाचा काय संबंध? मी धवलारीण, लग्नातले धवले म्हंजे विधीची गाणी मी पुढं म्हणायची नि बाया माझ्या मागं. आमच्या कामतघर गावात किती हळदी, किती मांडव माझ्या धवल्यांवर लागले. आता घरच्याच नातवाच्या लग्नात मला खुर्चीत बसवायची नि डीजे आणायचा, असाच काय तरी बेत...

३ फेब्रु.
हुशारी केली. भिंतीपलीकडं कापडाचा लूम चालतो, त्याच्या खटखटीवर बोट ठेवलं. एक ठोका चुकवला न्हाय. प्रणाली बोलली, "आजी, तू तर मशीन गो!" सून गालात हसली. का हसली?

६ फेब्रु. शुक्र.
शुक्रवारी लूम बंद, नि आजच परत मोजायचं! कोणी शिकवलं हिला? भिंत गप्प. मग मनात हळदीचा धवला धरला, बोट त्याच्यामागं गेलं. मच्छीवाली दारात ओरडली तरी थांबलं न्हाय. (पापलेट गेलं, बोंबलावर भागवलं.)
"आजी, ही तुझी खरी लय. त्या दिवसापेक्षा खूप संथ."
"म्हंजे नापास?"
"यात पास-नापास नसतं गो."
मोतीबिंदूचा डाक्टर पण असाच गोड बोलला होता, नि मग डोळा कापला. दिसतं मात्र मस्त, खोटं कशाला बोलू.

८ फेब्रु. रवि.
देवळातून लवकर आली. सैपाकघरात धवला चाललेला. माझा! सून गात होती. बाजूला प्रणालीचा फोन टकटक करत होता, माझ्या बोटाची तीच संथ चाल, नि ही त्यावर. आवाज गोड हाय हो तिचा, लबाड. एका ओळीला अडकली. मला बघून दचकली.
मी इचारलं, "माझ्या मागं म्हणणार, का माझ्या जागी?"
"आई, पुढची ओळ सांगा ना."
सांगितली न्हाय. हळद शुक्रवारी हाय. बघू.