चिमट्याला गुंडाळलेलं रबर

नवे पिंपळदरी, ता. कंधार, जि. नांदेड
ता. ९ मार्च २०२५

चि. डॉक्टरीणबाई धम्मप्रिया हिला आजी सुमनबाईचा जयभीम आणि तोंडावरून हात फिरवून आशीर्वाद.

वि. वि. तुझ्या होस्टेलवाल्यांनी मोबाईल कुलपात घातले ते बरंच झालं. म्हातारपणी साक्षरता वर्गात गिरवलेली अक्षरं कामाला तरी आली. चुकलं तर हस, पण पत्र फाडू नको.

बातमी अशी की तुझी आजी होडीत बसायली. खरंच! तुझ्या आजोबाचे दोस्त पाशामियाँ उन्हाळ्यात होडी बांधून ठेवतात. ऊन तापलं की मासा थंडाव्याला खाली जातो आणि चालत्या होडीमागं गळ वरच्यावर तरंगतो, मग काय लागणार? पण तुझ्या आईच्या मोबाईलवर मी एक गोरा म्हातारा बघितला. तो दोरीला लोखंडी गोळा बांधून खाली सोडतो, गळाची नायलॉनची बारीक तंगूस त्या दोरीला चिमट्यानं अडकवतो, नि होडी हळू हळू चालवतो. गोळा गळाला खोल नेतो. मासा लागला की चिमटा सुटतो, गोळा राहतो बाजूला, मग मासा नि आपण. चार बार बघितलं तवा समजलं.

आपल्याकडं गोळा कुठला? पाशामियाँच्या जुन्या दुकानातलं पाच किलोचं तराजूचं माप घेतलं. दोरीला हाता-हातावर गाठी मारल्या. कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. आणि दोरी सोडायला कप्पी कोणती, सांग बरं? आपल्या जुन्या विहिरीची! गाव धरणात गेलं तवा आजोबानं तेवढीच उचलून आणली होती. गळाला स्टीलच्या चमच्याचा तुकडा लावला, चमकतो म्हणून. तुझी आई अजून तो चमचा हुडकायली. पाशामियाँनी विचारलं की भाभी मासे धरायल्यात का पाण्यात कपडे वाळू घालायल्यात. मी म्हणलं की तुम्ही वल्हं चालवा, तोंड नका चालवू.

कुठं सोडायचं ते मात्र मलाच ठाऊक. बुडालेल्या गावात चावडीपासून विहिरीपर्यंतचा उतार हंडा घेऊन हजार बार उतरले मी. तिथंच सगळ्यात खोल, अठ्ठावीस गाठी. गळाची काठी वाकून राहते. ती झटक्यानं सरळ झाली की मासा लागला समजायचं. अजून लागला न्हाई. खांदा मात्र लई धरलाय.

शेजारची सिद्धम्मा गुडघा दाखवायला आली होती. मी सांगितलं की थांब जरा, आमची डॉक्टरीण यायलीच.

माया आहे तशी दाट राहू दे.
तुझी आजी

*

लातूर
ता. १६ मार्च २०२५

ती. आजीस धम्मप्रियाचा सविनय जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खोलीतल्या मुली विचारत होत्या की ही का हसतेय, कारण मी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

आजी, मी थकले गं. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं हे तिसरं वर्ष. सराव परीक्षेत परत मार्क कमी पडले. पुस्तक उघडलं की ओळी दिसतात, पण आत काही जात नाही. जेवताना घास हातातच राहतो. मागच्या रविवारी बाबा भेटायला आले होते. म्हणाले की यंदा नाही झालं तर चौथ्यांदा नाव घालू, काळजी करू नको. मी मान हलवली. ते गेल्यावर तासभर जिन्यातच बसून राहिले.

मेमधली परीक्षा मी देईन, पण चौथ्यांदा नाही. बाबा तुझं ऐकतात. तू सांगशील? आणि मला डॉक्टरीणबाई लिहू नको.

आईला नमस्कार. तुझ्या मायेवरच आहे.
धम्मा

*

नवे पिंपळदरी
ता. २७ मार्च २०२५

चि. डॉक्टरीणबाईला आजीचा जयभीम. आता लिहिलं तर लिहिलं, हात तसाच वळतो.

पत्र पोचलं. दोन बार वाचलं. पण बाई, तुझा बाप रविकांत एसटीची फेरी करून असा दमून येतो की बोलायला सवडच सापडत न्हाई. आणि एवढी वाट चालून आलीस, थोडं रेटून बघ की. सगळं गाव वाट बघायलंय. बघ जरा.

इकडं गंमत ऐक. चिमटा लई हलका. लाट आली की सुटायचा, काठी सरळ व्हायची, आणि आम्ही मासा मासा म्हणून वरडायचो! खाली बघावं तर काही न्हाई. मग तू घरी ठेवलेलं केसाचं काळं रबर त्याला दोन वेढे देऊन गुंडाळलं. आता हूं का चूं करत न्हाई. पाशामियाँ म्हणाले की भाभी, लई आवळलं. मी म्हणलं की असू द्या, पक्कं पायजे.

जेवत जा. आमची आठवण ठेव.
आजी

*

लातूर
ता. ३ एप्रिल २०२५

ती. आजीस सविनय जयभीम.

ठीक आहे. रेटते. मासा लागला का?

धम्मा

*

नवे पिंपळदरी
ता. १३ एप्रिल २०२५

माझ्या धम्माला आजीचा जयभीम.

मासा लागला होता. चार दिवसांखाली. सकाळपासून विहिरीवरून तीन फेऱ्या मारल्या, काठी तशीच वाकलेली, जरा हलली न्हाई. मी पाशामियाँला पान देत बसले, जयंतीच्या मिरवणुकीच्या गप्पा चालल्या. ऊन डोक्यावर आलं तवा दोरी वढली. तर चिमट्याच्या मागं हातभर शिंगाळा मासा, तोंड वासलेलं, मेलेला. कधी लागला, कुणाला ठाऊक! सुटायला त्यानं किती वढलं असंल. चिमटा सुटलाच न्हाई. पाच किलोच्या मागं फरफटत राहिला, आणि वर आम्ही हसायलो. पाण्यातला जीव पाण्यात गुदमरला.

पाशामियाँनी होडी काठाकडं वळवली.

मला तुझं पत्र आठवलं. रेटते म्हणलीस नि मासा लागला का, एवढंच इचारलं होतंस.

घरी आले ते हातपाय न धुता रविकांतसमोर बसले. सगळं सांगितलं. तो चिडला, म्हणाला की गावभर डॉक्टरीण डॉक्टरीण कोण करत होतं? मी म्हणलं की मीच. रबर मीच गुंडाळलंय. मग तो बाहेर जाऊन दगडावर बसला. लई वेळानं आला आणि एवढंच इचारलं की पोरगी जेवती का. मी म्हणलं की घास हातात राहतो तिच्या.

मेची परीक्षा दे, जमंल तशी. मग सामान घेऊन सरळ घरी ये. पुढचं पुढं बघू. आधी झोप काढ. सिद्धम्माला मी कंधारच्या दवाखान्यात घेऊन गेले.

चिमटा आता पुन्हा लाटेला सुटायलाय. सुटू दे. परत लावायला माझे हात हायत. पण दोरी सोडायची आणि काठीवर डोळा ठेवायचा, दोन्ही मला झेपत न्हाई. एक माणूस कमी पडतंय.

खाली रविकांतनं स्वतः दोन शब्द लिहिलेत. तुझं रबर पाकिटात घातलंय. धुतलंय, वास येणार न्हाई. केसाला लाव.

तुझीच आजी

धम्मा, चौथ्यांदा नाव घालणार नाही. परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून घ्यायला येतो.
बाबा