काचा पोटावर आलेला बुरखा

घरच्या शिंपीणबाईंना,

आशीर्वाद दिला की तू हसतेस, म्हणून नुसता लोभ.

मी मजेत आहे. इथे फौजेसाठी विषारी वायूपासून वाचवणारे बुरखे शिवतो. औषधात बुडवलेलं कापड आणि डोळ्यांपुढे दोन काचा, एवढंच. नमुना परक्या फौजेकडून आला. आकडे सेंटिमीटरचे, आमची टेप इंचांची, आणि विचारायचं कुणालाच सुचलं नाही. पहिला बुरखा आमच्या सुभेदारांनी चढवला, तर तो गुडघ्यापर्यंत पोचला आणि काचा आल्या पोटावर. आतून ते शांतपणे म्हणाले, "शिंपीदादा, पोटाला लख्ख दिसतंय, मलाच काही दिसत नाही." अख्खी बराक हसून लोळली.

आता माप जमलंय. ज्याने शिवला त्यानेच तो घालून, पारखायला म्हणून, विषारी धुराच्या खोलीत जायचं, असा इथला नियम. काल जाऊन आलो. धूर काही फार नसतो, खोकलासुद्धा आला नाही. हे आईला मात्र वाचून दाखवू नकोस.

तुझं मशीन अजून कुरकुरतं का? धाकटीच्या डोक्याचं माप कळव. इंच नको, सेंटिमीटर नको, वितीनेच घे; तुझी वीत मला पाठ आहे. तिला टोपी शिवायचीय, काचा नसलेली.

तुझाच,
शिंपी