सीतादह्याची मोहर

प्रति,
मेहेरबान खास कामदार साहेब,
खोट्या मोहरांचा तपास,
मुक्काम अमरावती.

अर्जदार: खुशालराव वल्द सहदेव, कुणबी, राहणार मौजे काळखेड, परगणे अचलपूर.

विषय: कचेरीत अटकावून ठेवलेल्या मोहरेबाबत.
संदर्भ: अर्जदाराचे मागील अर्ज, ज्यांस उत्तर नाही.

साहेबांचे सेवेशी अर्ज ऐसाजे,

१. कापसाला भाव आल्यापासून वऱ्हाडात ज्याच्या त्याच्या घरी रुपया आला. कालपरवा श्रीमंत झालेल्या मंडळींस आपण पिढीजात घरंदाज आहोत असे दाखविण्याची हौस सुटली आणि फारशी अक्षरांच्या जुन्या बादशाही मोहरेला सोन्याच्या कितीतरी पट किंमत येऊ लागली. मोहरा मुळात थोड्या. मग कोणीतरी त्या घरीच पाडू लागला. येथवर अर्जदाराचा काही संबंध नाही.

२. अर्जदाराचे घरी अशी एक मोहर होती. आज्याच्या वेळी कोणा सोनाराने सोने पाहण्यासाठी तिच्या कडेला छिन्नी मारली, ती खाच राहिली. अर्जदाराच्या आईने मरतेवेळी ही मोहर सून, म्हणजे अर्जदाराची बायको, गोदाबाई हिच्या हातावर ठेवली. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी बाया वावरात दहीभात ठेवून पूजा करतात, त्यास आमच्याकडे सीतादही म्हणतात. त्या दहीभाताशेजारी गोदाबाई मोहर मांडी. वावर पिकले ते काळ्या मातीने आणि अर्जदाराची कंबर मोडून. पण गावाने सारे श्रेय मोहरेला दिले. मग ज्याच्या त्याच्या सीतादह्याला मोहर उसनी जाऊ लागली. गोदाबाईने कोणाला नाही म्हटले नाही. "लक्षुमी कोंडून ठेवली तं ते रुसते," असे ती म्हणे.

३. गतसाली अर्जदार कापूस घेऊन अकोल्यास गेला असता एका सराफाच्या दुकानी तशीच मोहर दिसली. तीच खाच, त्याच जागी. अर्जदार भर दुकानात ओरडला, "अरे, हे तं आमची मोहोर हाय!" घरी येऊन पाहतो तो मोहर डब्यात जशीच्या तशी. पण बोललेला शब्द तोवर कचेरीत पोहोचला होता. त्या दिवसापासून अर्जदाराच्या मागे जे लागले आहे ते अद्याप सुटलेले नाही.

४. साहेबांनी अकोला व अचलपूर येथील खोट्या मोहरा एकत्र मांडून पाहिल्या. सर्वांस एकाच जागी खाच, म्हणजे सर्वांचा साचा एकाच मोहरेवरून काढलेला, हे साहेबांनी अचूक ओळखले. अर्जदारास त्याचा आदर आहे. मग अर्जदाराची मोहर मागविली, व कारकुनाने ती त्याच फडक्यावर बाकीच्यांत ठेवली. आता कोणती कोठली हे कचेरीस कळेना. सबब गोदाबाईस हजर राहण्याचा हुकूम झाला.

५. गोदाबाई बैलगाडीने आली. फडक्यावरून तिने न अडखळता एक मोहर उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाली, "हेच माही. अक्षरात हळद बसली, पाहा नं साहेब." मग तिला बाहेर निंबाखाली बसविले. कचेरीच्या सराफाने ती मोहर कसोटीवर घासली. वर सोन्याचा पातळ थर, आत तांबे. बाकीच्याही तशाच निघाल्या. खरी त्यांत नव्हतीच. कोण्या एका घरून खरीच्या जागी तिची नक्कल परत आली, आणि गोदाबाई तिलाच हळदकुंकू वाहत राहिली.

६. आता हुकूम असा की, अर्जदाराने खरी मोहर हजर करावी. हजर केल्यास साचा अर्जदारानेच काढला असे ठरणार. न केल्यास खरी विकून खाल्ली असे ठरणार. नाहीतर मोहर नेलेल्या घरांची नावे द्यावी. साहेब, ते सारे गावच आहे. अर्जदार थकला. अमरावतीची वाट लागली की बैलही आताशा न हाकता चालतात. वावरात कापूस फुटून लोंबतो आहे, आणि मोहर आल्याशिवाय गोदाबाई सीतादही करीत नाही, वेचणीला हात लावू देत नाही.

७. तांब्याचे गोदाबाईस कोणी सांगितलेले नाही. ती रोज विचारते, "कव्हा देतेत मोहोर?" अर्जदार म्हणतो, "देतीन." तिला कळले तर ती चोराला शिव्या देणार नाही. सासूने विश्वासाने दिलेली ठेव आपल्या हाताने घालविली, असेच ती म्हणेल, आणि गावातल्या एकाही बाईच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

८. सबब मागणी एवढीच. खोट्या मोहरा तोडणे असल्यास तोडाव्या, गोदाबाईने उचललेली तीही तोडावी. खरी सापडल्यास सरकारने ठेवून घ्यावी. अर्जदारास जी शिक्षा करणे ती करावी. फक्त एक शिपाई काळखेडास पाठवून गोदाबाईस तोंडी सांगवावे की, तुझी मोहर अस्सल निघाली, आणि अस्सल म्हणून सरकारने ठेवून घेतली. हे काम अर्जदाराने स्वतः करून पाहिले. अस्सल निघाली, एवढे म्हणून झाले होते. तोच ती म्हणाली, "मंग तुमी काहून रडून राहिले?"

शिपाई लवकर पाठवावा.

साहेबांचा थकलेला ताबेदार,
खुशालराव वल्द सहदेव
निशाणी नांगर

दस्तुर वामनराव, अर्जनवीस, अचलपूर
आश्विन वद्य पंचमी, शके १७८६

सोबत: काही नाही. होते ते कचेरीतच आहे.